रेडिओचा खटका : कार्ड बदलण्याआधी एवढे पाहा

संगणक व मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आपले बरेच तरुण आहेत. त्यांच्या उपयोगाची एक बाब आज मांडत आहोत.

समजा, परंदवडीतल्या एका दुकानदाराने बिलाचे यंत्र दुरुस्तीला आणले. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आहे आणि वायफाय लागत नाही. अशा वेळी पुष्कळ कारागीर सरळ नवे कार्ड बसवतात. गिऱ्हाईकाचे पैसे जातात, वायफाय मात्र बंदच राहते. कारण दोष कार्डात नसतो, खटक्यात असतो.

वायफाय, ब्लूटूथ ही छोटी रेडिओ यंत्रेच होत. ती बंद-चालू करण्याची 'आरएफकिल' ही सोय लिनक्समध्ये 2007 पासून आहे. बंदी दोन प्रकारची असते. बाहेरच्या बटणाने झालेली ती 'हार्ड ब्लॉक'. ती बटण सरकवूनच उठते. प्रणालीने घातलेली ती 'सॉफ्ट ब्लॉक'; ती हुकूम देऊन उठवता येते. 'आरएफकिल लिस्ट' असा हुकूम दिला की दोन्हींची स्थिती पडद्यावर दिसते.

पण कधी पडद्यावर 'बंदी नाही' असे दिसते आणि रेडिओ तरीही मुका राहतो. अशा वेळी बोर्डाची यादी पाहावी. चिपच्या कोणत्या पायाला काय जोडले आहे, हे अशा बोर्डावर प्रणालीला आपोआप कळत नाही. ते 'डिव्हाइस ट्री' नावाच्या यादीत लिहून द्यावे लागते. चिपच्या साध्या पायावर, म्हणजे जीपीआयओवर, चालणाऱ्या खटक्याची नोंद अशा यादीत करण्याची सोय लिनक्समध्ये 2023 साली आली. नोंदीत रेडिओचा प्रकार, तो बंद करणारा पाय आणि यंत्र सुरू होताना तो बंद असावा की नाही, हे लिहितात.

खरी मेख उलटसुलट संकेतात आहे. काही रेडिओ पायावर व्होल्टेज आले की बंद होतात, काही ते गेले की. यादीत हे उलट लिहिले गेले, तर 'चालू' म्हणताच रेडिओ बंद होतो! म्हणून मल्टिमीटरने त्या पायाचे व्होल्टेज मोजावे, रेडिओच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे आणि चूक यादीत दुरुस्त करावी. डाग देण्याची गरजच पडत नाही.

थोडक्यात, आधी बटण, मग हुकूम, मग यादी आणि सर्वात शेवटी कार्ड. हा क्रम पाळणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.