बहुवारिकांतील मंद विक्रियांचे उष्णतामापन

प्लॅस्टिके, रबर, नायट्रोसेल्युलोज इ. बहुवारिकांत (लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांत) अतिशय मंद गतीने चालणाऱ्या रासायनिक विक्रिया त्यांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरून मोजण्याची पद्धती. ऑक्सिडीकरण, अपघटन इ. विक्रियांचा परिणाम पदार्थाच्या बळकटीत दिसून येण्यास पुष्कळदा वर्षे लागतात. त्यांची उष्णता मात्र प्रारंभापासूनच बाहेर पडत असते.

उपकरण : नमुना बंद कुपीत घालून ती स्थिर तापमानाच्या धातूच्या ठोकळ्यात ठेवतात. कुपीतून ठोकळ्याकडे जाणारी उष्णता तपयुग्मांच्या मालिकेतून वाहते व तीत उष्णताप्रवाहाच्या प्रमाणात विद्युत् दाब निर्माण होतो. विक्रियारहित पदार्थाची दुसरी कुपी शेजारी ठेवून दोहोंतील फरक मोजल्याने तापमानातील चढउतारांचा परिणाम बराचसा वगळला जातो. फ्रान्समधील आल्बेर त्यां व एद्वार काल्व्हे यांच्या कार्यातून ही रचना विकसित झाली. तिने १ मायक्रोवॉट इतका क्षीण प्रवाहही ओळखता येतो. ५ ग्रॅ. नमुन्यातून इतकी उष्णता सतत बाहेर पडल्यास वर्षभरात ती सु. ३२ जूल, म्हणजे ५ ग्रॅ. पाण्याचे तापमान सु. १·५° से.ने वाढविण्यापुरतीच भरते.

महत्त्व : विक्रिया लवकर घडावी म्हणून चाचण्या उच्च तापमानाला करून त्यांवरून नेहमीच्या तापमानाचा वेग काढतात. हे अनुमान फसू शकते. पॉलिएथिलीन २००° से.ला द्रवरूप असते, तर वापरातील नळात ते अंशतः स्फटिकी घनरूप असते. संवेदनशील उष्णतामापकामुळे वापराच्या तापमानाच्या जवळपास मापन करता येते.

नायट्रोसेल्युलोजयुक्त धूररहित दारूच्या बाबतीत हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिच्या अपघटनातून निघणारी नायट्रोजनाची ऑक्साइडे पुढील अपघटन वाढवितात. डायफिनिल अमाइनासारखे स्थिरीकारक ती शोषून घेतात. ते संपल्यावर मोठ्या साठ्यात उष्णता कोंडून दारू आपोआप पेटू शकते. तूलाँ बंदरात ‘इएना’ (१९०७) व ‘लिबर्ते’ (१९११) या फ्रेंच युद्धनौकांवर झालेल्या स्फोटांचे कारण अशी खराब झालेली दारू हेच मानले जाते. नाटोच्या प्रमाणित चाचणीत दारूचा उष्णताप्रवाह ८०° से.ला सु. साडेदहा दिवस नोंदवून ती २५° से.ला दहा वर्षे सुरक्षित राहील की नाही, हे ठरवितात.

मर्यादा : उपकरण सर्व प्रक्रियांच्या उष्णतेची बेरीज दाखविते. स्फटिकीभवन किंवा आर्द्रतेचे शोषण यांचीही उष्णता तीत मिसळते. म्हणून कोणती विक्रिया चालू आहे, हे वायूंचे वा स्थिरीकारकाचे रासायनिक विश्लेषण करून स्वतंत्रपणे निश्चित करावे लागते.