काव्याचे स्वतंत्र ग्रंथालय

सर्वसाधारण ग्रंथालयात कवितेची लहान पुस्तके मोठ्या ग्रंथांच्या गर्दीत दिसेनाशी होतात. हस्तलिखित बाडे तर घरातच जीर्ण होतात. म्हणूनच काव्यास वाहिलेल्या संग्रहाची आवश्यकता भासते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमविलेली संतकाव्याची हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली आहेत. लंडन येथेही १९५३ साली कवितेचे स्वतंत्र ग्रंथालय स्थापन झाले.

नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यात गोरटे येथे संतकवी दासगणू महाराजांची (१८६८-१९६२) परंपरा नांदते. अशा परिसरातील ग्रंथालयाने काव्यविभाग उघडून पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची ठेवावी. कारण श्रोत्यास शीर्षकापेक्षा आरंभच स्मरतो. शिक्षक व पंचायत सदस्यांनी घरोघरच्या बाडांची वेळीच नोंद केल्यास हा ठेवा पुढील पिढीच्या हाती पडेल.