दोन संघ, एकच रंग

फुटबॉलच्या धावपळीत खेळाडू आपल्या सोबत्याला कसा ओळखतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? चेहरा न्याहाळण्यास त्याला सवड नसते. सदऱ्याच्या रंगावर ओझरती नजर टाकून तो चेंडू धाडतो. म्हणूनच खेळाच्या चौथ्या नियमानुसार दोन्ही संघांचे रंग परस्परांहून व पंचांहून वेगळे असावे लागतात. गोलरक्षक तर आपल्या संघातील इतरांहूनही निराळा दिसला पाहिजे.

१० जून १९७८ रोजी अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे विश्वचषकाच्या सामन्यासाठी फ्रान्स व हंगेरी हे दोन्ही संघ पांढरेच सदरे घेऊन आले. अखेर किंबर्ली या स्थानिक क्लबाचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे मागवावे लागले. तोवर सामना खोळंबला. त्या उसन्या सदऱ्यांत फ्रान्सने ३-१ असा विजय मिळविला.

दोन्ही गोलरक्षकांचे सदरे मात्र एकाच रंगाचे असले व दुसरे जवळ नसले, तरी पंच सामना होऊ देतात. ते दोघे मैदानाच्या दोन टोकांना असतात. त्यांची गल्लत सहसा होत नाही.

पुढील सामना पाहताना सदऱ्यांकडे अवश्य लक्ष द्या. पंचाचे काम रंगांनी किती सुकर केले आहे, हे आपल्या ध्यानी येईल.