उभ्या मोटारीतील बॅटरीचा विसर्ग : कारणमीमांसा व परीक्षणपद्धती

प्रस्तावना :

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव अमरावतीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. एवढे अंतर रोज अप-डाऊन करणारे प्राध्यापक जेव्हा पाळीपाळीने एकमेकांच्या गाडीने येतात, तेव्हा ज्याची पाळी नसते त्याची मोटार दोन-तीन दिवस घरी उभीच राहते. पाळीच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवावी, तर सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी उतरलेली असते. दुकानात बहुधा नवी बॅटरी बसविण्याचा सल्ला मिळतो. काही हजार रुपये खर्च होतात आणि दोष मोटारीच्या वायरिंगमध्ये असेल, तर महिन्याभरात तीच नवी बॅटरीही उतरते. मोजमाप न करता बॅटरी बदलणे यास निदान म्हणता येत नाही. सदर लेखात हे मोजमाप कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

विसर्गाचे गणित :

मोटारीतील शिसे-आम्ल बॅटरीचे मूळ रूप गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केले. आजही तिचे रसायन तेच आहे. बदलली ती मोटार. किल्ली काढल्यानंतरही घड्याळ, दारांचे रिमोट कुलूप, अलार्म व इंजिनाचे नियंत्रक यांना अल्प प्रवाह लागतोच. तो सामान्यतः ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असावा. ४५ अ‍ॅम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून या दराने दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास इतका विसर्ग होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. या हिशेबाने तेवढ्या काळात २५ अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा संपतो. टाळेबंदी पुढे वाढत गेली, तेव्हा पूर्णतः निर्दोष गाड्याही जागच्या हलेनाशा झाल्या, यात नवल नव्हते.

परंतु डिकीतील ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर सुमारे ०.४ अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो. शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी १७ अ‍ॅम्पिअर-तास गमावून बसते. बॅटरी मुळात अर्धवट भरलेली असेल, तर एवढे पुरेसे होते.

परीक्षण :

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी. काही तास विश्रांतीनंतर तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट नसेल, तर दोष चार्जिंगचा आहे आणि गळती शोधणे व्यर्थ होय. त्यानंतर ऋण टर्मिनल काढून रात्रभर बॅटरी मोकळी ठेवावी. दाब तरीही लक्षणीय उतरला, तर बॅटरीच सदोष. टिकला, तर संशय मोटारीवर येतो.

गळती मोजण्यासाठी मल्टिमीटर १० अ‍ॅम्पिअरच्या पट्टीवर ठेवून ऋण टर्मिनल व त्याची केबल यांच्यामध्ये एकसर जोडावा. या स्थितीत सेल्फ मारू नये; मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आधुनिक मोटारीतील नियंत्रक किल्ली काढताच झोपी जात नाहीत. त्यांना वीस मिनिटे, क्वचित तासभरही लागतो. घाईने घेतलेले वाचन मोठे दिसते आणि नसलेली गळती शोधण्यात दुपार जाते. बॉनेट व दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणून मगच थांबावे.

वाचन जास्त आल्यास एकेक फ्यूज काढून प्रवाह कोठे घटतो ते पाहण्याची रीत रूढ आहे. मात्र फ्यूज काढता-घालताना झोपलेले नियंत्रक जागे होतात. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजणे अधिक श्रेयस्कर. शून्य म्हणजे त्या मार्गात प्रवाह नाही. बाहेरून बसविलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर व कॅमेरा यांची जोडणी सर्वप्रथम तपासावी. कारण ती पुष्कळदा किल्लीला न जोडता थेट बॅटरीला जोडलेली असते. चिकटलेला रिले हेही एक कारण. सर्व फ्यूज निर्दोष आढळले, तर अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड उरतो. त्याची तपासणी इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावी.

वऱ्हाडी उन्हाळा :

तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचा स्वयंविसर्ग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभी असलेली मोटार म्हणूनच दुहेरी झीज सोसते. अर्धवट उतरलेल्या स्थितीत बॅटरी दीर्घकाळ राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात व तिची क्षमता कायमची घटते. गाडी पंधरवड्याहून अधिक काळ उभी राहणार असल्यास ऋण टर्मिनल काढून ठेवणे इष्ट. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढाच त्रास.

बॅटरी खरोखरच निकामी ठरली, तर ती भंगारवाल्यास न देता अधिकृत विक्रेत्याकडे परत करावी. बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.