‘कॅन’ नांवाचें जर्मन वाद्यमंडळ

आमच्या नातवाच्या खोलींतून गेल्या श्रावणांत एकच ठेका तासन्‌तास ऐकूं येऊं लागला. यंत्र अडकलें असावें असें समजून घरांतून त्याला दोनदां हांकहि मारण्यांत आली. यंत्र अडकलें नव्हतें. तें ‘हालेलुहवा’ नांवाचें साडेअठरा मिनिटांचें गाणें होतें, आणि वाजविणारे होते कोलोन शहरांतील ‘कॅन’ हें मंडळ. आम्ही रागावण्यासाठीं आंत गेलों आणि बसलों.

या मंडळाचा जन्म १९६८ चा. इर्मिन श्मिट व होल्गर चुकाय हे दोघे कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन या प्रयोगशील संगीतकाराचे शिष्य. मिखाएल कारोली हा चुकायचाच विद्यार्थी, गिटार वाजविणारा. आणि याकी लीबेत्साइट हा जॅझ सोडून आलेला तालवादक. तीस वर्षांच्या आसपासचे हे तिघे शिकले-सवरलेले गृहस्थ वीस वर्षांच्या पोराबरोबर रॉक वाजवूं लागले, हेंच मुळीं त्या काळीं नवल.

श्मिटविषयीं एक गोष्ट आम्हांस कळली, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शाळेंत असतां त्यानें विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत आपल्या शिक्षकांचा नाझी राजवटींतील पूर्वेतिहास उघड केला, आणि त्याबद्दल त्याला शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. आमचीं चौतीस वर्षें अध्यापनांत गेलीं. एका मुलानें हस्तलिखितांत आमच्या एका सहकाऱ्याच्या शिकवण्यांविषयीं खरें तेंच लिहिलें होतें. तें पान शाळेची अब्रू म्हणून आम्हीं स्वतःच्या हातानें फाडलें. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. श्मिटची हकीकत वाचल्यापासून तें पान आम्हांस वारंवार आठवतें.

ज्यांच्या वडिलांच्या पिढीनें तें राज्य चालविलें त्या मुलांना वडिलांचीं गाणीं तोंडांत घेववत नव्हतीं, आणि अमेरिकेचीं उसनीं घेणेंहि खरें वाटत नव्हतें. म्हणून या मंडळानें आधीं रचलेलें कांहींच वाजवावयाचें नाहीं असें धोरण धरलें. सर्वजण तासन्‌तास वाजवीत. चुकाय तें दोनच पट्ट्यांच्या यंत्रावर टिपून घेई, मंडळी विसांवा घेत असतांहि यंत्र चालूं ठेवी, आणि मग फीत पात्यानें कापून व जोडून त्यांतून गाणें निर्माण करी. नायक कोणीच नव्हता. रचना सर्वांच्या नांवें आणि मिळकतहि समान वांटणीची! आमच्या एकत्र कुटुंबांतसुद्धां हें इतक्या निमूटपणें पार पडत नाहीं.

पहिला गायक माल्कम मूनी हा अमेरिकन शिल्पकार. मन बिघडल्यामुळें तो मायदेशीं परतला. पुढें १९७० सालीं म्यूनिकच्या रस्त्यावर दामो सुझुकी नांवाचा एक भटका जपानी तरुण चुकायला गातांना दिसला, आणि त्याच रात्रीं तो रंगमंचावर उभा राहिला! त्याच्या गाण्यांत जपानी, इंग्रजी, जर्मन व कोणत्याच कोशांत नसलेले असे शब्द येतात. आम्ही व्युत्पत्ति शोधण्याचा नाद लवकरच सोडला.

त्याच्या काळांतील ध्वनिमुद्रिका सर्वोत्तम: ‘तागो मागो’ (१९७१), ‘एगे बाम्यासी’ (१९७२) व ‘फ्यूचर डेज’ (१९७३). पहिली एका जुन्या गढींत मुद्रित झाली. नंतर व्हायलर्सविस्ट येथील बंद पडलेलें चित्रपटगृह घेऊन त्याच्या भिंतींना लष्करी गाद्या लावल्या. ‘एगे बाम्यासी’च्या वेष्टनावर तुर्की भेंडीचा डबा आहे, ‘कॅन’ म्हणजेहि डबाच. त्यांतील ‘स्पून’ हें गाणें दूरचित्रवाणीवरील एका रहस्यकथेमुळें जर्मनींत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलें.

लीबेत्साइटविषयीं थोडें अधिक लिहितों. मुक्त जॅझमध्यें तालाला बंधन नको असा आग्रह असे. एका श्रोत्यानें त्याला ‘तूं एकसुरी वाजव’ असें सांगितलें, आणि तेंच त्यानें मनावर घेतलें, अशी कथा आहे. पण हा एकसुरीपणा आळशी नव्हे. प्रत्येक आवर्तनांत एखादी बारीक टिचकी इकडची तिकडे होते. ठेका धरून ठेवणें हेंच काम मानणारा जुना तबलजी आम्हांस तेथें दिसला. पुढील वादक ज्याच्यापासून सर्वांत अधिक शिकले तो हाच, असें आमचें मत.

सुझुकी १९७३ मध्यें निघून गेला आणि १९७९ च्या सुमारास मंडळहि विसर्जित झालें. (१९८९ मध्यें एक मुद्रिका पुन्हां निघाली, ती फारशी जमलेली नाहीं.) परंतु इंग्लंडांतील ‘द फॉल’नें १९८५ सालीं सुझुकीच्या नांवाचें गाणेंच केलें, ‘रेडिओहेड’नें यांचें एक गाणें मैफलींत गाइलें, आणि कान्ये वेस्टनें २००७ मध्यें यांच्या मुद्रणाचा एक तुकडा आपल्या गाण्यांत बसविला. कारोली २००१ मध्यें, लीबेत्साइट व चुकाय २०१७ मध्यें आणि सुझुकी २०२४ मध्यें निवर्तले. गाद्यांसकट तें मुद्रणगृह ग्रोनाउ येथील संग्रहालयानें घेतलें, आणि फितींच्या साठ्यांतून २०१२ सालीं तीन तबकड्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

‘तागो मागो’ची दुसरी तबकडी मात्र आम्हांस सोसत नाहीं. तींतील सतरा मिनिटांचा घुमणारा कल्लोळ ऐकून घरचें मांजरहि ओसरीवर गेलें. ती तेवढी दार लावून ऐकावी, असें नातवाशीं ठरलें आहे.