संवाद ओळखा, पण नियम आधी ठरवा

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हा संवाद कुठला?’ हा खेळ छान रंगतो, पण भांडणंही होतात. ‘नटसम्राट’ घ्या. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, चित्रपट २०१६ चा. वाक्य दोन्हीकडे असलं तर बरोबर उत्तर कुठलं? म्हणून नाटक की चित्रपट, हे प्रश्नातच सांगावं. नेटवर्कमुळे उत्तरांचा क्रम प्रत्येकाच्या फोनवर वेगळा दिसू शकतो. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या फोनवरचाच क्रम धरावा. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, म्हणून बदललेलं उत्तर बाद. गूगलवर शोधणं ही सरळ कॉपीच, पण ती पकडता येत नाही. त्यापेक्षा ‘कोण कोणाला म्हणतं?’ असंही विचारावं. नाटक पाहिलेला माणूस ते चटकन सांगतो. आणि वाक्य टाकण्याआधी मूळ पुस्तकातून पडताळून घ्या.