खताचा भाव आणि सरकारची पत

युरियाची गोणी स्वस्त आणि पालाशाची महाग असे का, असा प्रश्न बागाईतदारांकडून वरचेवर विचारला जातो. पिकाच्या गरजेचा विचार करून हे भाव बांधले असावेत, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आज जो विषम भाव आपण पाहतो त्याचे मूळ सन 1991 च्या जुलैपासून 1992 च्या ऑगस्टपर्यंतच्या तेरा महिन्यांत आहे. त्या अवधीत सरकारला काय करावेसे वाटत होते यापेक्षा त्याला काय करणे शक्य होते, यावरच बहुतेक गोष्टी ठरल्या. म्हणून हे प्रकरण जरा विस्ताराने पाहणे इष्ट आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. सरकारचे कर्ज व कुळाचे कर्ज ही पुष्कळ अंशी निराळी आहेत. रुपयांची तूट पडली तर सरकार रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलू शकते. त्याचे परिणाम महागाईच्या रूपाने मागाहून भोगावे लागतात, पण तिजोरी तत्काळ बंद पडत नाही. परदेशातून माल आणावयाचा तर मात्र डॉलर लागतात, आणि डॉलर काही नाशिकच्या छापखान्यात छापता येत नाहीत. ते निर्यातीतून मिळवावे लागतात, परदेशी गेलेल्या आपल्या लोकांनी धाडावे लागतात, किंवा उसने आणावे लागतात. येथे मात्र सरकारची स्थिती अगदी कुळासारखीच असते. पत आहे तोवर सावकार दारी येतो. पत गेली की तोच सावकार ओळख दाखवीत नाही.

1980 नंतरच्या दशकात मध्यवर्ती सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा सारखा वाढत गेला व 1990-91 साली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून अधिक झाली. अल्प मुदतीची परदेशी कर्जे फेडण्यास नवी कर्जे काढावी लागत. अशा स्थितीत ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले. तेलाचे भाव भडकले, आखातातील आपल्या कामगारांकडून येणारा पैसा आटला आणि अनिवासी भारतीयांनी येथील बँकांत ठेवलेल्या ठेवी काढून घेण्यास आरंभ केला. दिल्लीत मंत्रिमंडळे टिकत नव्हती. मार्च 1991 मध्ये तर पूर्ण अंदाजपत्रकही मंजूर होऊ शकले नाही. ज्याच्या घरात कारभारी कोण हेच ठरत नाही त्याला कर्ज कोण देणार? जून 1991 च्या सुमारास गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल एवढेच परकीय चलन उरले होते.

मग सोने बाहेर निघाले. मे महिन्यात सरकारजवळचे 20 टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत खरेदीच्या बोलीने, स्वित्झर्लंडमधील पेढीस विकण्यात आले. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांजकडे तारण ठेवून सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. घरातील डाग सोनाराकडे नेण्याची वेळ ज्याने पाहिली आहे, त्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

जून 1991 मध्ये श्री. नरसिंह राव यांचे मंत्रिमंडळ आले. त्यास लोकसभेत स्वतःचे बहुमत नव्हते. जुलैच्या 1 व 3 तारखांस रुपयाची किंमत दोन हप्त्यांत उतरविण्यात आली. डॉलरला सुमारे 21 रुपये पडत ते 26 च्या जवळपास पडू लागले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज हवे होते, आणि तूट कमी केल्यावाचून ते मिळण्यासारखे नव्हते. त्या वर्षी ती साडेसहा टक्क्यांवर आणण्याचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी ठरविले.

आता खताकडे पाहू. खतावरील सरकारी साह्य 1980-81 साली सुमारे 500 कोटी रुपये होते, ते 1990-91 साली 4,400 कोटींच्या घरात गेले होते. त्यात रुपया उतरल्यामुळे आयात खत आणखी महाग पडणार, म्हणजे साह्याचा आकडा आपोआप फुगणार. एका हाताने तूट कापावयाची आणि दुसऱ्या हाताने ती वाढू द्यावयाची, हे जमणारे नव्हते. म्हणून 24 जुलैच्या अंदाजपत्रकात खतांचे भाव सरासरी 40 टक्क्यांनी चढविले गेले.

यावर मोठा गदारोळ झाला. विरोधकच नव्हे, तर सत्ताधारी पक्षातील शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही उठले. बहुमत नसलेल्या सरकारला हे परवडणारे नव्हते. तीन आठवड्यांच्या आत वाढ 30 टक्क्यांवर आणण्यात आली व अल्पभूधारकांस त्यातूनही सूट जाहीर झाली. (दुकानावर गोणी मागणारा अल्पभूधारक आहे की नाही हे दुकानदाराने ओळखावे कसे, याचा विचार जाहीर करणारांनी कितपत केला होता, देव जाणे.) युरियाचा भाव टनास 2,350 रुपये होता, तो 3,060 वर स्थिर झाला.

साह्याचा बोजा तरीही उतरला नाही. पुढील वर्षी, ऑगस्ट 1992 मध्ये, संसदेच्या संयुक्त समितीच्या शिफारशीनंतर स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील भावनियंत्रण काढण्यात आले. युरियावरील नियंत्रण मात्र कायम राहिले. इतकेच नव्हे तर त्याचा भाव 2,760 पर्यंत उतरविण्यात आला. असा भेद का? युरिया त्या काळी बव्हंशी आपल्याच देशात, पुष्कळसा देशी नैसर्गिक वायूपासून तयार होत असे. आपल्या कोकणातील थळचा कारखानाही त्यांपैकीच. त्यामागे कारखाने आहेत, आणि त्याचे नाव प्रत्येक खेड्यात ठाऊक आहे. पालाश सर्वस्वी परदेशातून येते, आणि स्फुरदाचा खनिज माल व आम्लही बहुतांशी बाहेरूनच. म्हणजे जेथे डॉलर वाचत होते आणि ओरड कमी होणार होती, तेथे सुरी चालविली गेली. माझ्या मते यात कोणाचा दुष्ट हेतू शोधणे व्यर्थ आहे. कोंडीत सापडलेला माणूस जी भिंत नरम लागेल तीच फोडतो.

किंमत जमिनीने दिली. पालाशाचा भाव दुपटीहून अधिक चढला. सरकारने घाईने थोडी सवलत दिली, पण ती अपुरी ठरली. देशातील पालाशाचा खप एका वर्षात सुमारे 13.6 लाख टनांवरून 8.8 लाख टनांवर आला आणि नत्राचा मात्र वाढला. 1991-92 साली नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण 5.9 : 2.4 : 1 होते, ते 1992-93 साली 9.5 : 3.2 : 1 झाले. ज्या 4 : 2 : 1 प्रमाणाचा सर्वत्र उल्लेख होतो ते मुख्यतः धान्यपिकांचे ठोकळमान आहे, ही गोष्ट खरी. परंतु आपल्याकडील केळी, द्राक्षे व ऊस ही पिके पालाशाची मोठी भोक्ती असल्याने जळगाव-नाशिककडील बागाईतदारांस तर ते प्रमाणही कमीच पडावयाचे. पालाश तोडल्याने पीक त्याच साली बुडत नाही, म्हणून तोडणारास ते सोपे वाटते. जमिनीतील साठा काही हंगाम ओढून नेतो. घड हलके होणे, रोगास लवकर बळी पडणे ही लक्षणे मागाहून दिसतात, आणि तोवर भावाचा व त्यांचा संबंध कोणी जोडीत नाही.

1 एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्यांच्या प्रमाणात साह्य देण्याची नवी योजना सुरू झाली. हेतू नेमका हा तोल सुधारण्याचाच होता. पण युरिया तिच्याबाहेर ठेवण्यात आला. पुन्हा जगातील भाव चढले, रुपया उतरला, स्फुरद व पालाश महागले आणि 2012-13 साली प्रमाण परत 8 च्या वर गेले. या वेळी नाणेनिधी दाराशी नव्हता, सोनेही गहाण पडले नव्हते. तिन्ही अडचणींपैकी एकच पूर्वीसारखी शिल्लक होती, आणि ती म्हणजे युरियाच्या भावाला पुरेसा हात लावण्याचे कोणाही मंत्रिमंडळास न झालेले धैर्य.